सक्तीचे सीमोल्लंघन

गणपतीचे पाच दिवस यंदाही श्रीवर्धनला भाच्याकडे काढले. आरती झाली, प्रसादाच्या वाट्या फिरल्या आणि मंडळी ओटीवर टेकली. एरवी अशा वेळी बोलणे निघते ते सुपारीच्या भावाचे, नाहीतर मुंबई-गोवा रस्ता पुरा होण्याच्या नव्या वायद्याचे. यंदा मात्र भाच्याने कोनाड्यातून एक गुळगुळीत कागदाचे पुस्तक काढले आणि माझ्या हातात दिले. त्याची थोरली मुलगी पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात शिकते, त्याचे ते माहितीपत्रक. मुखपृष्ठावर हिरवळ, हिरवळीवर हसणारी पोरे, आणि आत, चौदाव्या पानावर, बारीक अक्षरात एक कलम : तिसऱ्या वर्षातले एक सत्र परदेशी विद्यापीठात पुरे केल्याखेरीज पदवी मिळणार नाही.

"मामा, वाचलंत?" भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात निम्मा अभिमान होता, निम्मी धास्ती.

"वाचलं. प्रवेश घेताना तू वाचलं होतंस का?"

तो काही बोलला नाही. सूनबाईंनी आतून उत्तर दिले, "फोटो बघितले होते!"

खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही. दिवाळीच्या दिवसांत कुणाचे तोंड कडू का करा? एवढेच सांगतो की, त्यासाठी वाडीचा सात-बारा बँकेच्या टेबलावर ठेवावा लागणार होता. आता ही वाडी म्हणजे काय, ते इकडचा माणूस जाणतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांतून गेले. आजोबांच्या हातच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ काही भेंडी-गवारी नव्हे, की आज लावली नि दोन महिन्यांनी काढली. लावल्यापासून पाच-सहा वर्षे पाणी घालत बसावे, तेव्हा कुठे फळ दिसते. भाच्याने पुन्हा लावलेल्या झाडांना आता कुठे घड धरू लागलेत. आणि नेमका आता हा परदेशाचा हप्ता!

तरी भाचा तयार होता. "पोरीचं कल्याण होतंय तर ठेवू गहाण. वाडी काय, आज आहे उद्या नाही, बघितलंच की आपण वादळात." बाप लोक असे बोलतात, आणि रात्री पंख्याकडे बघत जागे राहतात.

खरा प्रश्न विचारला तो मुलीने. ती इतका वेळ उंबऱ्यात बसून दुर्वा निवडत होती. म्हणाली, "मामाआजोबा, मला जायचंय. अगदी मनापासून जायचंय. पण माझ्या वर्गात मुरूडकडची एक मुलगी आहे, कोळीवाड्यातली. तिच्या वडिलांची एक लहान होडी आहे, तीही कर्जाची. ती शिष्यवृत्तीवर आलीय. वर्गात पहिली असते. ती म्हणते, दुसरं वर्ष झालं की सोडते, कारण तिसऱ्या वर्षी हे जमणार नाही. आता सांगा, हा नियम बरोबर का चूक?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला असा प्रश्न कुणी केला की तो लगेच उत्तर देतो. मी मात्र "उद्या सांगतो" म्हणालो. उद्याचे चार दिवस झाले, आणि ओटीवर सांगितले त्याहून जास्त इथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या या किनाऱ्याला परदेश नवा नाही. रेवदंड्याशेजारचे चौल हे एके काळचे मोठे बंदर. पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकायला घेऊन इथेच उतरला आणि पुढे बहामनी मुलखात हिंडला. त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीमुळे आज रशियातल्या शाळकरी पोरांना चौलचे नाव ठाऊक असते, आपल्या पोरांना असते की नाही, देव जाणे. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायलांचे पूर्वज तारू फुटून लागले, असे ते लोक परंपरेने सांगतात. घाण्यावर तेल काढीत ते इथलेच झाले. पुढे सिद्दी आले, पोर्तुगीज आले. आपल्या आंगऱ्यांनी तर समुद्र अंगणासारखा वापरला. म्हणजे हा समुद्र कुंपण नव्हता, रस्ता होता.

मग त्याच समुद्राला आपण 'काळे पाणी' म्हणू लागलो. समुद्र ओलांडला की जात गेली, परत आले की प्रायश्चित्त. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा एक मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या जातीची सभा भरली आणि त्याला वाळीत टाकले गेले. शंभर-सव्वाशे वर्षांमागे 'जाशील तर घराबाहेर' अशी सक्ती होती, आता 'जाणार नाहीस तर पदवीबाहेर' अशी आहे. माझ्या म्हाताऱ्या डोक्याला यात एक गंमत वाटते, की दोन्ही वेळा ज्याला जायचे किंवा राहायचे, त्याला कुणी विचारलेले दिसत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना एक आठवण करून देतो. आनंदीबाई जोशी म्हटले की आपल्याला फिलाडेल्फिया आठवते, पण मध्ये एक मुक्काम अलिबागचाही होता. गोपाळराव पोस्टात नोकरीला, कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली, पुढे कलकत्त्याकडे. शिक्षणाची सक्ती म्हणजे काय, ते या बाईंइतके कुणी सोसले नसेल, कारण गोपाळरावांची शिकवणी प्रेमाची तशीच धाकाचीही होती. पण १८८३ साली बोटीवर पाय ठेवायच्या आधी तिने सेरामपूरला भर सभेत उभे राहून आपण का जातो, हे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. वय अठरा. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही ठरली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. परदेशाची थंडी, न मानवणारे अन्न, आधीच नाजूक प्रकृती, या सगळ्याची किंमत तिने मोजली. तिचे उदाहरण 'मुलींनी परदेशी जावे' म्हणून भाषणांत देतात. मला ते देताना जरा जपावेसे वाटते. तिने जे केले ते तिने पत्करले होते. एखाद्या कचेरीने चौदाव्या पानावर कलम घालून ते तिच्यावर लादले असते तर आपण त्या कचेरीला काय म्हटले असते?

पण परदेशाची खरोखरची, कायद्याने केलेली सक्ती आपण पाहिलेली आहे, आणि तिच्याशी आपले वाडवडील भांडलेले आहेत. आय.सी.एस.ची परीक्षा! १८५५ पासून ती लंडनला होई, आणि फक्त लंडनला. कागदावर सर्वांना मोकळी. राणीच्या राज्यात काळा-गोरा भेद नाही! फक्त परीक्षेला बसायचे तर आधी सहा हजार मैल जा, तिथे राहा, तिथली लॅटिन-ग्रीक घोका. १८७६ मध्ये तर वयाची मर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली. म्हणजे मिसरूड फुटण्याआधी पोराला विलायतेला धाडा. ज्यांच्या घरी पैसा त्यांनीच धाडले. १८८५ साली मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली तेव्हाच ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, अशी मागणी झाली, आणि ती पुरी व्हायला १९२२ उजाडले. नियमात कुठेही 'गरिबांनी येऊ नये' असे लिहिलेले नव्हते. तसे लिहावे लागत नाही. भाडे किती, एवढे छापले की काम होते.

या चाळणीतून जे पार पडले त्यांत आपल्याच जिल्ह्याचा एक माणूस होता. चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नात्याला. वडील रोह्याचे वकील. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. १९१५ ला केंब्रिजला गेले, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र शिकले आणि १९१८ ला लंडनच्या त्या परीक्षेत पहिले आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते, पण रोह्याचा हा मुलगा त्याहून बराच पुढे गेला. परदेशशिक्षणाने काय होते, याचा यापेक्षा चोख दाखला कुणाला हवा?

पण थांबा. त्याच कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ चे), पेण तालुक्यातल्या गागोद्याला, देशमुखांच्या चारच महिने आधी, ११ सप्टेंबर १८९५ ला आणखी एक मुलगा जन्मला होता. तोही हुशार, गणितात तर फारच. १९१६ च्या मार्चमध्ये देशमुख केंब्रिजला पानाफुलांचे छेद घेत होते, तेव्हा हा मुलगा बडोद्याहून इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाला, वाटेत सुरतेला उतरला आणि काशीची गाडी पकडून निघून गेला. प्रशस्तिपत्रके आधीच चुलीत घातलेली. ते विनोबा भावे. पदवी नाही, परदेश नाही. संस्कृत शिकले, देशातल्या भाषामागून भाषा शिकले, आणि १९५१ पासून तेरा वर्षे पायी देश हिंडले. आमच्या भाच्याच्या विद्यापीठाने याला किती सत्रे धरली असती कोण जाणे!

या दोघांची आयुष्ये अशी जोडीने चालली की कादंबरीत लिहिले तर संपादक म्हणेल, काहीतरीच. १९५८ ला मॅगसेसे पारितोषिक विनोबांना, १९५९ ला देशमुखांना. १९८२ च्या २ ऑक्टोबरला देशमुख गेले, १५ नोव्हेंबरला विनोबा. एक जिल्हा, एक वय, एकच शेवटचे वर्ष. यांतला कोणता शिकलेला आणि कोणता अर्धवट, हे ठरवणारा नियम करून दाखवा, मग मी चौदाव्या पानावर सही करतो.

ओटीवर ही गोष्ट सांगितली तेव्हा भाचा खूश झाला नाही. म्हणाला, "मामा, विनोबा लाखात एक. आमच्या पोरीला नोकरी पाहिजे." बरोबर आहे त्याचे. थोरांची उदाहरणे देऊन गृहस्थाचा हिशेब सुटत नाही. म्हणून हिशेबाचेच बोलू.

परदेशी पाठवणारे आपल्याकडे पूर्वीही होते आणि अटी घालणारेही होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट होती की, परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी. अट कडकच, पण पैसे अट घालणाऱ्याचे होते. (परत आल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळू नये, ही आपल्या लोकांची करणी, ती महाराजांच्या खात्यावर मांडता येणार नाही.) त्या शिक्षणाचे चीज कुठे झाले? १९२७ च्या मार्चमध्ये महाडला, चवदार तळ्यावर, आमच्याच जिल्ह्यात. रँग्लर परांजप्यांचेही तसेच. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ ला सीनियर रँग्लर झाले, आणि परत येऊन फर्ग्युसनमध्ये फळ्यापुढे उभे राहिले. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आजही आहेत, केंद्राच्या आहेत, राज्याची राजर्षी शाहूंच्या नावाची आहे. मिळणारे थोडे आणि मागणारे फार, हे दुखणे वेगळे.

परदेशातले लोक काय करतात, तेही पाहिले. युरोपात १९८७ साली 'इरॅस्मस' नावाची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी अकरा देशांतली सव्वातीन हजारांच्या आतबाहेर मुले एकमेकांच्या विद्यापीठांत गेली, आणि आज ही संख्या लाखांत आहे. ती सक्ती नव्हे, सोय आहे. प्रवासाला मदत मिळते, तिथली फी पडत नाही, तिथले गुण इथे धरले जातात. लक्झेंबर्गच्या विद्यापीठात पदवीला एक सत्र बाहेर काढावेच लागते, पण तो देश एवढा की आपल्या जिल्ह्याहून लहान. तिथून आगगाडीत डुलकी लागली तर डोळे उघडतात ते परक्या मुलखात. अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या गाउचर कॉलेजाने २००६ पासून सर्वांना परदेश सक्तीचा केला, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती बाराशे डॉलरही ठेवले होते. पुरे पडत असतील-नसतील, पण नियम करणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशात हात घातला. आमच्या चौदाव्या पानावरच्या विद्यापीठाने उलटा हात घातलेला आहे.

आता कुणी म्हणेल, कशाला हवे परदेशी जायला, परदेशच येतो आहे दारात. खरेच आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली, आणि नव्या मुंबईच्या विमानतळाजवळ विद्यापीठांची एक नगरीच वसवायचे घाटते आहे. तो विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. उद्या श्रीवर्धनची मुलगी एस.टी.ने पनवेलला उतरून विलायती पदवी घेऊन येईल. चांगलेच आहे. फी विलायती नसली म्हणजे झाले.

पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही, आणि इथे मी भाच्याच्या बाजूचा होतो. पुस्तकातली विद्या पनवेलला मिळेल. जे मिळणार नाही ते म्हणजे परके होणे. मी सोळाव्या वर्षी इथून बोटीने मुंबईला गेलो. पडावातून हेलकावत बोटीला लागायचे, रात्रभर ओकाऱ्या, आणि सकाळी भाऊचा धक्का. गिरगावातल्या चाळीत माझ्या 'आमच्याकडं'ला पोरे हसली. महिनाभरात मला कळले की, जगात आपल्यासारखे न बोलणारे, न जेवणारे, न नमस्कार करणारे लोक आहेत आणि ते वेडे नाहीत. हे शिक्षण मला कुठल्या वर्गात मिळाले नाही. आमच्या नातीला ते मिळावे, लंडनला मिळावे, टोकियोला मिळावे, असे मला मनापासून वाटते. मात्र ते विमानाच्या तिकिटालाच बांधलेले आहे, हे मान्य नाही. श्रीवर्धनच्या मुलीने सहा महिने इंफाळला काढले, किंवा अलेप्पीच्या कोळ्यांत काढले, तर ती कमी परकी होईल का? उलट मुरूडच्या त्या मुलीला केरळची होडी आणि आपली होडी यांतला फरक जसा दिसेल, तसा कुठल्या गोऱ्या प्राध्यापकाला दिसायचा नाही.

आणि जाऊन आलेल्याने काय करावे, याचा नमुना पाहायचा तर अलिबागला समुद्राकाठी जावे. तिथे एक वेधशाळा आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारी. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे ठरले, त्या विजेने सुया बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेले. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले, आणि काही काळ दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा पाहिला, म्हणजे मालिका तुटायला नको. हे सारे करणारे नानाभाई मूस एडिंबराला शिकून आलेले होते. त्यांनी एडिंबराच्या आठवणी काढीत बसण्याऐवजी अलिबागला असे काही उभे केले, की जगातल्या शास्त्रज्ञांना अलिबागचे आकडे लागतात. कितीतरी अलिबागकर त्या भिंतीवरून रोज फिरायला जातात आणि आत काय चालते याची चौकशी करीत नाहीत. हाही एक परदेशच म्हणा.

शेवटी पाचव्या दिवशी, विसर्जनाहून येताना, मुलीला माझे उत्तर दिले. "बाळ, तुझा नियम चुकीच्या माणसाला लावलाय. सक्ती हवीच असेल तर ती विद्यापीठावर करावी. ज्याला जायचं त्याला पाठवलंच पाहिजे, पैशासाठी एकही मागे राहता कामा नये, अशी. आणि ज्याला जायचं नाही, त्याला देशातच दुसरीकडे सत्र काढायची वाट ठेवावी."

ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग, मामाआजोबा? त्यांना लिहायला पाहिजे."

मास्तराला पोरीने धडा दिला. रात्री जेवणे झाल्यावर ती आणि मी ओटीवर बसलो आणि अर्ज लिहिला. मी 'मेहेरबान' घातले, ते तिने खोडले. मुरूडच्या मुलीला तिने फोन लावला. ती आधी नको म्हणत होती. माझ्यासाठी म्हणून काही मागू नकोस, माझं नाव घालू नकोस, म्हणाली. मग दोघींचे बराच वेळ काहीतरी बोलणे झाले, ते मला ऐकू आले नाही. सकाळी अर्ज गेला तो वर्गातल्या अकराजणांच्या सह्यांनी, आणि त्यांतले सातजण असे, की ज्यांना परदेशी जायला पैशाची कसलीच अडचण नाही.

भाचा या सगळ्यावर थोडा नाराज आहे. विद्यापीठाने पोरीवर राग धरला तर काय, ही त्याची चिंता, आणि ती खोटी म्हणता येत नाही. बँकेतून आणलेला कर्जाचा फॉर्म त्याने फाडलेला नाही, भरलेलाही नाही.

दिवाळीला पुन्हा आलो आहे. अर्जाला उत्तर एवढेच आले, की विषय समितीपुढे ठेवला आहे. समितीची बैठक सुट्टीनंतर. खळ्यात यंदाची पहिली सुपारी वाळत घातली आहे, फार नाही, दोन चटया भरतील इतकी. दोघी मुली आकाशकंदिलाच्या कामट्या बांधत बसल्या आहेत. मुरूडची ती कालच्या एस.टी.ने आली, येताना बापाने दिलेले सुके बोंबील घेऊन. सूनबाईंनी ते आमच्या नकळत ठेवून दिलेत, पाडव्यानंतरसाठी.